घाणेरी: कुठे झुडूप, कुठे वेल

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या चौकात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरत-धुळे महामार्ग छेदतो. इथून पूर्वेला बारडोली, व्यारा, सोनगढ ओलांडून नवापूरला महाराष्ट्रात शिरेपर्यंत साधारण शंभर किलोमीटर होतात. ऊसतोडीला येणाऱ्या नंदुरबार-धुळ्याच्या टोळ्यांच्या आणि सुरतच्या उधना-लिंबायतमधल्या खान्देशी कुटुंबांच्या हा पायाखालचा रस्ता. वनस्पतींच्या अभ्यासकाला तो आणखी एका कारणासाठी सोयीचा आहे. एवढ्याशा अंतरात तापीच्या कालव्यांवरचा ऊस, आंबा-चिकूच्या वाड्या, थोराची कुंपणं, विलायती बाभळीच्या पट्ट्या, सोनगढकडचं सागाचं कोरडं जंगल आणि त्याच्या दक्षिणेला डांगचं बांबूमिश्रित ओलसर जंगल असे कितीतरी वनस्पतिसमूह एकामागून एक येतात. यांतल्या बहुतेकांच्या कडेला एक परकी वनस्पती ठाण मांडून असते. ती म्हणजे घाणेरी, म्हणजेच टणटणी. शास्त्रीय नाव लँटाना कमारा.

तिचं रूप मात्र सगळीकडे एक नसतं. बांधावर ती छातीइतकं गोल झुडूप होते, उघड्या माळावर काटेरी जाळी विणते आणि ओलसर जंगलाच्या कडेला झाडांच्या फांद्यांवरून चढत शेंड्यापर्यंत जाते. एकाच जातीचा आकार समूहागणिक असा का बदलतो, या प्रश्नावर आज काय ठाऊक आहे, मतभेद कुठे आहेत आणि काय सुटायचं बाकी आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. युरोपातल्या बागवानांनी तिचे अनेक संकर केले आणि फुलांच्या रंगांसाठी ते जगभर वाटले. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. सहसा १८०७ हे साल दिलं जातं. शोभेचं झाड आणि कुंपण म्हणून ती छावण्यांत, बंगल्यांत, चहा-कॉफीच्या मळ्यांत लावली गेली. काळी गोड फळं बुलबुल-साळुंक्यांनी खाल्ली आणि बिया रानात पोहोचवल्या. तोडली की बुंध्यातून फुटते, फांदी जमिनीला टेकली की तिथे मूळ धरते आणि पानांतल्या विषारी द्रव्यांमुळे गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. पसरायला एवढं पुरेसं झालं.

भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातलं १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल घाणेरीच्या विळख्यात आहे आणि वाघांच्या क्षेत्राशी तुलना केली तर हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक भरतं. भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतल्या दोनशे वर्षांच्या लढ्याचा हिशेब मांडणाऱ्या २०१२च्या एका लेखाने तर शीर्षकातच विचारलं होतं की ही लढाई हरलो आहोत का.

या साहित्याचा मोठा भाग ‘किती पसरली’ आणि ‘काय नुकसान केलं’ यांभोवती फिरतो. ‘कोणत्या रूपात पसरली’ हा प्रश्न मागे राहिला. त्याची मुळं दुसऱ्याच शाखेत, वेलींच्या अभ्यासात आहेत.

वेल कशाला म्हणायचं

चार्ल्स डार्विनने १८६५मध्ये लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात चढणाऱ्या वनस्पतींवर मोठा निबंध लिहिला. खोडाने वेटोळे घालणाऱ्या, पानांनी किंवा ताण्यांनी पकडणाऱ्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या असे त्याने गट पाडले. आकड्यांनी अडकणाऱ्यांना त्याने चढण्याच्या कामात सर्वांत कच्चं ठरवलं, कारण त्यांना आधाराभोवती स्वतःहून वळता येत नाही.

घाणेरी याच कच्च्या गटाच्या उंबरठ्यावर येते. तिला ताणे नाहीत, तिचं खोड वेटोळे घालत नाही. चौकोनी खोडावर मागे वळलेले काटे असतात आणि फांद्या लांब, लवचीक होऊ शकतात. शेजारी दाट फांद्या असल्या तर ती त्यांच्यावर रेलते, काटे अडकतात, वजन दुसऱ्यावर पडतं आणि वाढ पुढे सरकते. आधार नसेल तर तीच फांदी कमानीसारखी वाकून जमिनीला टेकते. म्हणूनच काही याद्यांमध्ये ती झुडूप आहे, काहींमध्ये रेलणारी वेल. आधाराशिवाय तिची उंची साधारण २ ते ४ मीटर राहते. झाडांच्या आधाराने ती १५ मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

वेल आणि झुडूप यांच्यात खर्चाचा फरक आहे. स्वतःच्या बळावर उभं राहायचं तर खोड जाड करावं लागतं, लाकडात गुंतवणूक करावी लागते. आधारावर रेलणारी वनस्पती तेवढंच अन्न लांबी आणि पानं वाढवायला वापरते. निक रो आणि थॉमस स्पेक यांनी २००५मध्ये मांडलं की वाढीचं रूप ही जातीवर मारलेली कायमची मोहोर नसते. यांत्रिक गरज आणि परिसर यांच्या तडजोडीतून ते घडतं. घाणेरीसारख्या वनस्पतीला हे विशेष लागू पडतं, कारण तिला दोन्ही वाटा खुल्या आहेत.

समूहागणिक दिसणारं रूप

कडोदऱ्याच्या आसपासच्या उसात घाणेरी नसते. नांगरट आणि भरणी तिला टिकू देत नाहीत. तिथे वेलींची जागा हरिणपदीसारख्या आणि आयपोमिया वंशातल्या वेटोळे घालणाऱ्या तणांनी घेतलेली असते. शेवटच्या भरणीनंतर शेतात माणूस शिरत नाही, त्या काळात त्या उसाला उसाशी बांधून टाकतात आणि तोडीच्या वेळी कोयतेवाल्याचं काम वाढवतात. बोटभर जाडीचा, सरळ, दाट लावलेला ऊस वेटोळे घालणाऱ्या वेलीला आयता आधार असतो. रेलणारीला त्याचा तेवढा उपयोग नाही. आधार असणं पुरेसं नसतं, तो त्या वेलीच्या चढण्याच्या तऱ्हेला साजेसा असावा लागतो, ही गोष्ट इथेच दिसते.

शेताचा बांध, कालव्याची कड आणि रस्त्याची पट्टी इथे घाणेरी उन्हात आणि तोडीच्या माऱ्यात वाढते. सरपण, रस्ता रुंदीकरण, बांध साफ करणं यांमुळे ती पुनःपुन्हा कापली जाते. प्रत्येक कापणीनंतर बुंध्यातून अनेक फुटवे येतात. परिणाम म्हणजे ठेंगणं, गच्च, बहुखोडी झुडूप. फुलं-फळं भरपूर, चढण जवळजवळ शून्य. थोराच्या जुन्या कुंपणात मात्र ती थोरावर रेलून उंच होते.

कोरड्या पानगळीच्या जंगलात, म्हणजे सोनगढ-नवापूरकडच्या धर्तीच्या सागाच्या रानात, चित्र वेगळं आहे. सागाच्या लागवडीत बुंधे सरळ आणि खालच्या फांद्या कमी. अशा गुळगुळीत खांबावर काट्याला अडकायला काही सापडत नाही. घाणेरी झाडांखाली एक स्वतंत्र थर तयार करते, उन्हाळ्यात पानं गाळते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते.

ओलसर पानगळीच्या जंगलात पावसाळा मोठा, झुडपं दाट आणि बांबूची बेटं जमिनीपासून फांद्यांनी भरलेली. इथे घाणेरीला पायरी-पायरीने वर जाता येतं: आधी झुडूप, मग बांबू, मग लहान झाड, मग मोठ्या झाडाची खालची फांदी. नदी-ओढ्याच्या काठी एका बाजूने मोकळा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने झाडांची भिंत असते, म्हणून पडद्यासारखी लोंबणारी घाणेरी अशा काठांवर सहज दिसते.

सदाहरित जंगलाच्या घट्ट छताखाली ती क्वचितच जोर धरते. तिथे शिरली तरी कांड्या लांब, फांद्या बारीक, फुलं मोजकी. झाड पडून छताला भोक पडलं की मग तिचा वेग वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या वर्षावनाच्या कडांवर १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांनीही हेच दाखवलं की छत मोडल्याने घाणेरीला वाट मिळते.

या निरीक्षणांवर फारसा वाद नाही. वाद कारणांवर आहे.

पहिलं उत्तर: आधार

पहिली मांडणी म्हणते की रूप ठरवतो तो आधार. हिचा सर्वांत भक्कम पुरावा घाणेरीवरचा नाही. तो कॅलिफोर्नियातल्या पॉयझन ओक या वनस्पतीवरचा आहे. ती उघड्यावर झुडूप होते आणि झाडाजवळ वेल. बार्बरा गार्टनर यांनी १९९१मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला: वेलीसारखी वागणारी झाडं वंशानेच वेगळी आहेत का? झुडपांच्या आणि वेलींच्या ठिकाणांहून आणलेली रोपं एकत्र वाढवून काहींना खुंट दिला, काहींना नाही. मूळ ठिकाणापेक्षा खुंटाचा प्रभाव मोठा ठरला. आधार मिळालेल्या फांद्या लांब आणि बारीक झाल्या. न मिळालेल्यांनी खोड जाड केलं.

आक्रमक वेलींतलं जवळचं उदाहरण म्हणजे क्रिप्टोस्टेजिया ही मादागास्करची रबरवेल. भारतातही ती कोरड्या प्रदेशांत बागांमधून निसटलेली आढळते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात ती उघड्या कुरणावर माणसाएवढं, चाबकासारख्या फांद्या फेकणारं झुडूप होते आणि नदीकाठच्या जंगलात ३० मीटर उंचीपर्यंत झाडं झाकून टाकते.

घाणेरीच्या बाबतीत ही मांडणी बरंच काही समजावते: साग लागवड आणि बांबूवन यांतला फरक, थोराच्या कुंपणातली उंची, ओढ्याकाठचा पडदा. पण आधार तोच असताना छताखालची घाणेरी किडमिडी आणि कडेची दणकट का होते, हे तिला एकटीला सांगता येत नाही.

दुसरं उत्तर: प्रकाश, पाणी आणि इजा

दुसरी मांडणी आधाराऐवजी साधनांकडे पाहते. सावलीत कांड्या लांबतात आणि फांदी प्रकाशाच्या शोधात निघते. ही प्रवृत्ती बहुतेक फुलझाडांत असते. गालापागोस बेटांवरच्या अभ्यासात घाणेरीने वेगवेगळ्या प्रकाशाशी जुळवून घेण्याची मोठी क्षमता दाखवली. चिलीतले संशोधक एर्नेस्टो जियानोली आणि सहकाऱ्यांनी आयपोमियाच्या एका जातीवर दाखवलं की पानांना इजा केल्यावर तिचं वेटोळे घालण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे चरणं किंवा कीड हेही रूप बदलवू शकतं.

पाण्याबद्दल स्टीफन श्नित्झर यांची २००५ची मांडणी महत्त्वाची आहे. जगभर काष्ठवेली जास्त कुठे, तर कोरडा ऋतू ठळक असलेल्या जंगलांत. कारण झाडं थंडावतात त्या काळातही खोल मुळांच्या जोरावर वेली वाढत राहतात. मान्सूनच्या प्रदेशाला हे चपखल बसायला हवं. तरी घाणेरी कोरड्या सागवनात फारशी चढत नाही. या विसंगतीचं एक स्पष्टीकरण असं की श्नित्झर यांचा नियम खऱ्या काष्ठवेलींचा आहे आणि घाणेरी फक्त परिस्थितीने वेल होते. दुसरं असं की आपली कोरडी जंगलं कापणी, चराई आणि वणव्यांनी इतकी बदलली आहेत की त्यांच्यात नैसर्गिक नियम निखळ दिसतच नाही.

यातून तिसरी पुरवणी निघते, इतिहासाची. दर दोन-तीन वर्षांनी तोडलेली घाणेरी आणि वीस वर्षं हात न लागलेली घाणेरी यांच्या रूपात वनस्पतिसमूह सारखा असूनही फरक पडणारच. कडोदऱ्याचा बांध आणि संरक्षित जंगल यांची तुलना करताना आपण समूहांची तुलना करतो आहोत की कोयत्याच्या वारंवारतेची, हा प्रश्न रास्त आहे.

तिसरं उत्तर: वंश

तिसरी मांडणी म्हणते की आपण जिला एक जात म्हणतो ती एक नाहीच. लँटाना कमारा हा संकरांचा गोतावळा आहे. जगभर तिचे शेकडो प्रकार सांगितले जातात आणि गुणसूत्रांच्या संख्याही वेगवेगळ्या आढळतात. गुलाबी-पिवळी, केशरी-लाल अशी फुलं असलेली झाडं एकाच ताटव्यात शेजारी दिसतात. अविक राय आणि सुहेल कादर यांनी २०१४मध्ये भारतातल्या घाणेरीच्या जनुकीय विविधतेचा अभ्यास केला. ती वेगवेगळ्या वेळी अनेकदा आली आणि तिच्या गटांत जनुकांची देवाणघेवाण झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग काही वंश जास्त चढणारे आणि काही जास्त झुडपी असतील आणि ते आपापल्या समूहात टिकले असतील, ही शक्यता नाकारता येत नाही. त्याविरुद्धचा युक्तिवादही वजनदार आहे: जनुकांची देवाणघेवाण एवढी असेल तर शेजारशेजारच्या समूहांत वेगळे वंश टिकणं कठीण.

दोन्हींपैकी काय खरं, हे ठरवायची पद्धत गार्टनर यांनी दाखवलेलीच आहे. बांध, सागवन, बांबूवन आणि ओढ्याचा काठ यांवरचे छाट एकाच बागेत, खुंटासह आणि खुंटाविना, उन्हात आणि सावलीत वाढवायचे. नुसत्या रानातल्या निरीक्षणांनी हा निकाल लागणार नाही, यावर तिन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नसावी.

रूपाचा समूहावर परिणाम

आतापर्यंत समूहाने रूप घडवलं. उलट दिशाही आहे. आक्रमक वनस्पतींच्या अभ्यासात २००५पासून एक वाद गाजतो आहे: ती बदलाची चालक आहे की आधीच बिघडलेल्या जंगलात चढलेली प्रवासी?

चालक म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं. झुडपी घाणेरी जमिनीवरचा प्रकाश अडवते, गवत आणि रोपं मागे पडतात. वेलीच्या रूपात ती कोवळ्या झाडांवर वजन टाकते आणि आगीला जमिनीपासून शेंड्यापर्यंत शिडी मिळवून देते. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५मध्ये ‘वणवा-घाणेरी चक्रा’ची कल्पना मांडली: वणवा घाणेरीला वाव देतो आणि घाणेरी पुढच्या वणव्याला जळण देते. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांत त्यांनी केलेल्या मोजणीत १९९७ ते २००८ या काळात घाणेरी असलेल्या भूखंडांचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेलं.

त्याच टेकड्यांतल्या सोलिगा आदिवासींचं सांगणं वेगळं आहे. पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत. ती बंद झाल्यावर घाणेरी माजली, असं त्यांचं म्हणणं संशोधकांनीच नोंदवलं आहे. वरवर ही दोन मतं परस्परविरोधी दिसतात. पण आग कोणत्या महिन्यातली, किती तापाची आणि घाणेरीच्या कोणत्या रूपावरची, हे वेगळं केलं तर दोन्ही एकाच वेळी खरी ठरू शकतात. कोवळ्या, विरळ झुडपावरची हलकी आग आणि झाडावर चढून वाळलेल्या जाळीतली उन्हाळी आग यांचे परिणाम एक असण्याचं कारण नाही.

प्रवासी म्हणणारे दाखवतात की धडधाकट छताखाली घाणेरी शिरत नाही. शिवाय तिच्या जाळ्यांत पक्षी घरटी करतात आणि जनावरं आडोसा घेतात, त्यामुळे ती सरसकट उपटली तर तात्पुरतं नुकसानही होतं. यावर मध्यममार्गी उत्तर उंबरठ्याचं आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या ओल्या जंगलात २००९च्या अभ्यासात घाणेरीचं आच्छादन साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर स्थानिक जातींची घट वेगाने झाली. आपल्या बांबूवनात किंवा सागवनात तो उंबरठा तोच असेल असं गृहीत धरता येत नाही. रूप वेगळं असेल तर उंबरठाही वेगळा असणार.

मोजायचं कसं

मतभेदांचा काही भाग मोजमापातून आलेला आहे. ‘आहे की नाही’ एवढीच नोंद घेतली तर बांधावरचं झुडूप आणि शेंड्यावरची वेल सारखीच भरते. जमिनीवरचं आच्छादन मोजलं तर झाडावर चढलेली पानं सुटतात. उपग्रहाच्या चित्रात पावसाळ्यात वरचं छत खालची घाणेरी लपवतं. झाडं निष्पर्ण पण घाणेरी अजून हिरवी असलेल्या काही आठवड्यांत ती वेगळी काढता येते, पण कोरड्या भागात तीही लवकरच पानं गाळते.

खोडं मोजण्यातही अडचण आहे. फांद्या टेकतील तिथे मूळ धरत असल्याने एक झाड कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे सांगता येत नाही. झाडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. काष्ठवेलींसाठी मुळापासून खोडाच्या लांबीवर १.३ मीटरचं अंतर धरण्याची पद्धत आहे. झुडपांसाठी बुंध्याशी मोजणं सोयीचं. घाणेरीला यांतली कोणती लावायची, यावर अभ्यासागणिक वेगळा निर्णय होतो आणि म्हणूनच आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

निर्मूलनासाठी अर्थ

रूपाचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही तो इथे. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये सुचवलेली पद्धत अनेक व्याघ्रप्रकल्पांत वापरली जाते: बुंधा जमिनीच्या किंचित खाली कुदळीने तोडायचा, झुडूप उचलायचं आणि उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. एकट्या उभ्या झुडपासाठी ती स्वस्त आणि परिणामकारक आहे. पण झाडाच्या शेंड्यात गुंतलेली घाणेरी उचलून उलटी करता येत नाही. खेचली तर आधाराच्या फांद्या मोडतात, तशीच सोडली तर वाळलेली जाळी आगीला निमंत्रण देते. पसरून ठिकठिकाणी मुळं धरलेल्या जाळीत मुख्य बुंधा शोधणं हेच मोठं काम.

जैविक नियंत्रणाचा इतिहासही हेच सुचवतो. १९०२पासून, हवाईतल्या पहिल्या प्रयोगानंतर, जगभर चाळीसच्या आसपास कीटक व बुरशी सोडून पाहिल्या गेल्या. १९४१मध्ये टेलिओनेमिया हा पानं शोषणारा ढेकूण भारतात आणला गेला. कुठे यश, कुठे नाही. घाणेरीचा प्रकार, हवामान आणि सावली यांनुसार कीटकांचं काम बदलतं, हे त्यामागचं एक मान्य कारण आहे. लाकडाचा वापर हा आणखी एक मार्ग: महादेश्वर टेकड्यांत सोलिगा कारागीर घाणेरीच्या फांद्यांपासून वेतासारखं फर्निचर करतात. तिथेही लांब, लवचीक, वेलीसारखी फांदी उपयोगी आणि ठेंगण्या झुडपाची कमी.

आज कुठे आहोत

घाणेरीचं रूप समूहागणिक बदलतं, हे निरीक्षण पक्कं आहे. आधार हे त्याचं सर्वांत सिद्ध कारण आहे, पण त्याची सिद्धता दुसऱ्या वनस्पतींवरून उसनी घेतलेली. प्रकाश आणि कापणीचा इतिहास यांचा वाटा मोठा असावा, असं मानायला भरपूर आधार आहे. वंशाचा वाटा मोकळा प्रश्न आहे. रूप बदलल्याने समूहावरचा परिणाम किती बदलतो, हा सर्वांत कमी अभ्यासलेला आणि व्यवहारात सर्वांत महागात पडणारा भाग.

पुढची वाट खर्चिक नाही. भूखंडावर घाणेरी ‘आहे’ असं लिहिताना चार गोष्टी जोडल्या तरी बरंच साधेल: ती कशावर रेलली आहे, सर्वांत उंच पान किती वर आहे, वर किती छत आहे आणि शेवटची तोड किंवा आग कधी झाली. कडोदरा ते नवापूर हा पट्टा अशा नोंदींसाठी फार योग्य, कारण इथे जवळजवळच्या समूहांत पाऊस, जमीन आणि माणसाचा हात हे तिन्ही ठळक पायऱ्यांनी बदलतात आणि तुलनेसाठी दूर जावं लागत नाही. अशा नोंदी दोन्ही राज्यांच्या वनविभागांनी आणि जवळच्या महाविद्यालयांनी काही वर्षं सलग ठेवल्या, त्यांच्या जोडीला एखाद्या रोपवाटिकेत खुंटाचा प्रयोग केला, तर या वादातली किमान दोन मतं तरी पुराव्यावर तोलता येतील. तोवर घाणेरीविरुद्धच्या कोणत्याही एका उपायाला सगळ्या जंगलांसाठीचा उपाय म्हणणं घाईचं ठरेल.